पाठवायचा फोटो

२ ऑक्टोबर, गुरुवार (दसरा)

काल कंपनीत सगळ्या मशिनींना हार घातले. आज मी माझ्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं. कॅमेरा! वापरलेला आहे, पण माझा आहे. चिंचवड गावठाणात ज्योतीरामभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे, त्यांनी स्वतःला नवा घेतला आणि जुना मला दिला. देताना म्हणाले, "पट्टा आधी गळ्यात घाला ताई, मग मी हात सोडतो." आणि दारापर्यंत येऊन एवढंच शिकवलं, "माणूस सावलीत ठेवायचा, ऊन त्याच्या पाठीमागं. बाकी तुमचं तुम्हाला कळेल."

मला खरं तर झाडं काढायची होती. कंपनीच्या बसच्या खिडकीतून तीन वर्षं मी झाडंच बघत आले. पाऊस सरला की खराबवाडीच्या मागच्या माळावर गवत पिवळं पडतं. पहिल्या पाळीला जाताना त्यावर धुकं असं बसलेलं असतं की मागचे कंपन्यांचे पत्रे दिसतच नाहीत. वाटतं, इथं अजून कोणी आलेलंच नाही. आम्हीसुद्धा नाही.

पण पहिला फोटो झाडाचा निघाला नाही. शेजारच्या खोलीतली पुनम सकाळपासून रडत होती. तिच्या बायोडाट्यातला फोटो स्टुडिओत काढलेला, खडूसारखा पांढरा. बघायला आलेली माणसं तिच्याकडं बघत, मग मोबाइलकडं, मग परत तिच्याकडं. चहा पिऊन निघून गेली. हर्षाली माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "उठ गो. आमची निशी काढील तुझा. भायेर, झाडाखाली, हायस तशी."

हर्षाली माझी रूममेट. ती चिपळूणकडची, मी औशाकडची. एकाच लाइनवर समोरासमोर उभ्या राहून गाड्यांच्या वायरी बांधतो. खोली एक, शेगडी एक. बोलायचं काम तिचं, ऐकायचं माझं.

ओढ्याकाठी कोणाच्या तरी बांधावर मोठा करंज आहे. पुनमला त्याच्या सावलीत उभी केली. तिनं विचारलं, "हसू का?" हर्षाली माझ्या मागून म्हणाली, "नको. कॅन्टीनात जिलबी संपली तेव्हा कशी बघत होतीस, तशी बघ." पुनम हसली आणि मी बटण दाबलं. मागच्या गवतावरचं ऊन तिच्या केसांच्या कडांना लागलं होतं. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तिनं स्वतःला पाहिलं आणि म्हणाली, "ही मीच आहे का?"

६ ऑक्टोबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत सात जणींनी विचारलं. सगळ्यांचे बायोडाटे तयार आहेत, फोटो नाही. जे आहेत ते गणपतीच्या मखरापुढचे, नाहीतर भावाच्या लग्नातल्या घोळक्यातून कापलेले, खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी हात राहिलेला. चार-चार वर्षं या मुली चाकणला राहतात आणि त्यांचा इथला म्हणावा असा एक फोटो नाही.

हर्षालीनं वहीत नावं लिहून घेतली. शेवटी स्वतःचं लिहिलं.

"तुझं कशाला?" मी म्हटलं.

"का? मावशी कधीपासून मागते हाय."

"तुझा नीट काढायचाय. सगळ्यात शेवटी."

९ ऑक्टोबर, गुरुवार

गुरुवारी कंपनीला सुट्टी. आज चौघींना घेऊन करंजापाशी गेलो. दुसरीचा फोटो चालू असताना बांधावरून एक म्हातारी आली. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा.

"कोन हाय गं? माज्या झाडाला काय करताय?"

नाव सरुबाई. पलीकडची जमीन कंपनीत गेली, ओढ्याकाठचा हा तुकडा उरला. मुलगा त्याच कंपनीच्या गेटवर असतो. लग्नासाठी फोटो काढतोय म्हटल्यावर भारा खाली टाकून बसली आणि शेवटपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "माजा बी काढ. हार घालायचा."

"कसला हार?"

"मेल्यावर घालत्यात त्यो. ह्या पोरींचा फोटू सासरी जायाला, माजा वर जायाला."

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. विळा बाजूला ठेवला, पदर सारखा केला आणि खोडाला पाठ लावून अशी उभी राहिली की मला चार पावलं मागं जावं लागलं. तिला एकटीला काढावं तर काहीतरी कमी वाटे. झाडासकट काढलं तेव्हा बरं वाटलं.

हर्षालीनं तिच्या केसातली गवताची काडी काढली तशी सरुबाईनं मला विचारलं, "ही तुजी भन व्हय?"

"नाही ओ, रूममेट."

"म्हंजी?"

"एका खोलीत राहतो."

"आसं व्हय," ती म्हणाली, आणि आम्हा दोघींकडं एकदा बघून भारा उचलायला वाकली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

यादी संपली. आज हर्षालीचा नंबर होता. हिरवी साडी नेसली होती, दुपारी दोनपासून तयार. चाळीस-पन्नास तरी काढले असतील. एकही जमला नाही. ऑक्टोबरचं ऊन असं आहे की मागं ठेवलं तरी पुढं येतं. मधेच ओढ्यापलीकडं जेसीबी आला. मी सांगितलं, प्रकाश बरोबर नाही, पुढच्या वेळी बघू.

तिनं कॅमेरा हातात घेऊन एकेक पाहिला. "मला तर बरे वाटतायत गो."

"तुला त्यातलं कळत नाही."

मी असं का बोलले कोण जाणे. एरवी बोलत नाही. परत येताना कंपनीच्या भिंतीपाशी सातवीण फुललेली होती, तिचा तो दाट, डोकं जड करणारा वास. हर्षाली नाकाला पदर लावून पुढं चालत होती आणि मागून तिचे फोटो काढायचे सोडून मी नुसतीच तिच्या मागं चालले. संध्याकाळ हवेत विरघळल्यासारखी होती. रस्ता संपला तेव्हा दचकले.

२३ ऑक्टोबर, गुरुवार (भाऊबीज)

हर्षाली दिवाळीला घरी गेली. मी ओव्हरटाइम घेतला. घरी फोन केला, भावाला मोबाइलवरूनच ओवाळलं.

आज एकटीच माळावर गेले. शेवटी हवी होती तशी नुसती झाडं काढली. करंज, बाभळी, ओढ्यावर वाकलेलं उंबर. पिवळ्या गवतातून बगळे उठत होते. फोटो सगळे चांगले आले. एकही दुसऱ्यांदा बघावासा वाटला नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आली एकदाची. करंज्या आणल्यात, नारळ आणलेत आणि एक बातमी आणली आहे. मावशीच्या ओळखीत स्थळ आहे. समाधान नाव. टपाल खात्यात आहे, चिपळूणलाच. तिनं त्याला लांबून एकदा पाहिलंसुद्धा. एसटी स्टँडवर बाकावर बसून एका आजीला तिचं पत्र वाचून दाखवत होता. आजीला ऐकू कमी येत होतं म्हणून मोठ्यानं. सगळा स्टँड ते पत्र ऐकत होता.

हे तिनं मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यानं मधेच चष्मा काढून पुसला, हेही आलं. आधीच्या दोनदा ते नव्हतं.

"तुळशीच्या लग्नाआधी फोटो धाडायचा हाय. त्यांच्याकडं अजून दोन मुलींचे आलेत. या गुरुवारी काढशील ना?"

"काढते की."

करंज्या यंदा जरा कडक झाल्या आहेत.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज निगडीला गेलो, प्राधिकरणात. बंगल्यांच्या मधल्या एका शांत रस्त्यावर दोन्ही बाजूंनी बुचाची झाडं आहेत. आम्ही पोचलो तेव्हा फुलं गळत होती. लांब देठाची पांढरी फुलं गरगरत खाली येतात, पडताना आवाज करत नाहीत. रस्ता पांढरा, झाडांच्या बुंध्याशी लावलेल्या गाड्या पांढऱ्या. एक आजोबा फुलांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं चालत होते.

हर्षाली तिथं गेल्यावर बोलायची थांबली. असं कधी होत नाही. फुलं उचलून देठात देठ गुंफत बसली. मग उठली, मग एका झाडाला टेकली. मी सांगितलं काहीच नाही. ती विसरली की फोटो काढायचाय, आणि मीही विसरले. हात आपले चालू होते. चार वाजता ऊन तिरपं झालं. फुलं तिच्या खांद्यावर पडत होती आणि ती वर बघत होती, तोंड थोडं उघडं. मग माझ्याकडं बघून हसली. रोज मशिनीच्या पलीकडून हसते, तशीच.

हा दिवस संपला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. बस मिळायला उशीर झाला त्याचंही काही वाटलं नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आज फोटो निवडायला बसले. हर्षाली म्हणाली, "तू म्हणशील तो धाडते. मला काय कळतंय."

खूप वेळ बघितले. फुलांचे फोटो छान आहेत, पण लग्नाच्या कामाला तसले कशाला? उगाच सिनेमातल्यासारखे वाटतील. सासरची माणसं साधी असतात. मग एक सापडला. बसस्टॉपवरचा. पाच वाजून गेलेले, ती दमलेली, उन्हानं कपाळाला आठी, ओठ मिटलेले. पण खरा आहे. पुनमचं उदाहरण डोळ्यासमोर आहेच, फोटो एक आणि माणूस दुसरं असं नको. जे आहे ते दिसलेलं बरं.

"आणि बाकीचे?" तिनं विचारलं.

"हललेत."

तसं बघितलं तर थोडे हलल्यासारखे आहेतच. तिनं तोच मावशीला पाठवला.

९ नोव्हेंबर, रविवार

मावशीचा फोन आला. हर्षालीचे हात पिठात होते म्हणून स्पीकरवर ठेवला. मावशी म्हणाली, त्यांच्याकडून नकार आला. मुलगी रागीट वाटते, म्हणाले. आजारी असते का, असंही विचारत होते.

"बरं मावशी," हर्षाली म्हणाली, आणि पीठ मळत राहिली.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. संध्याकाळी तिच्या आवडीची भरली वांगी केली. किती दिवसांनी अशी चव जमली. भांडी घासताना मी काहीतरी गुणगुणत होते, ते शेजारणीनं सांगितलं तेव्हा कळलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

लाइनवर काम करताना हर्षालीनं एकदम विचारलं, "निशी, मी रागीट दिसते गो?"

"नाही. कोण म्हणतं?"

खोलीत फळीवर ठेवलेला आरसा तीन दिवस पालथा आहे. धूळ बसते म्हणाली. वेणी न बघताच घालते. आज भांग वाकडा होता. मी सरळ करायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाव दे. कोण बघतंय."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सरुबाईचा फोटो मोठा करून घ्यायला चिंचवडला गेले. ज्योतीरामभाऊंनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पडद्यावर सगळे फोटो ओळीनं आले. सरुबाईचा बघून ते "वा" म्हणाले. मग पुढं बघत गेले, मी नको म्हणायच्या आत. निगडीचे आले. बुचाची फुलं, हर्षाली, फुलं, हर्षाली. अर्ध्याच्या वर कार्ड तिचंच.

"हिचं ठरलं का लग्न?"

"नकार आला."

"कुठला फोटो पाठवला होतात?"

मी बोट ठेवलं. त्यांनी माऊसवरचा हात काढला आणि खुर्चीत मागं टेकले. बाहेर कोणीतरी पासपोर्ट फोटोसाठी थांबलं होतं.

"ताई, मी पंचवीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय," ते म्हणाले. "हे बाकीचे आहेत ना, असे मलासुद्धा पंचवीस वर्षांत दोन-चारदाच जमले. आणि हा जो तुम्ही पाठवला, हा आपोआप हाताला लागत नाही. हा शोधून काढावा लागतो."

"मला तो खरा वाटला."

"कोणाला खरा?"

त्यांनी रागानं विचारलं नाही. रागानं विचारलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

चिंचवड स्टेशनपर्यंत चालत आले, मग दोन बस सोडल्या. मी शोधत बसले होते, हे खरं आहे. अडीच तास शोधत होते. चांगला दिसला की पुढं जात होते. मला हे तेव्हा माहीत होतं का? होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल आणि नव्हतं लिहिलं तर तेही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं. पाळी सुटल्यावर, खोलीत येऊन, चप्पलसुद्धा न काढता. कॅमेरा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, हललेला एकही नाही, मी खोटं बोलले.

तिनं उभ्याउभ्याच फोटो बघितले. निगडीचे सगळे. मधे एकदा थांबली, परत मागं गेली.

"का गो?"

"तू गेलीस तर," एवढंच निघालं, पुढचं वाक्य मलाच माहीत नव्हतं.

"मी जाणार होतेच ना कधीतरी? तू बी जाशील. त्यात काय?" तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "त्यांनी नाय म्हटलं, त्याचं मला काय नाय वाटलं. पण मी पाच दिवस आरशात बघितलं नाय, निशी. मला वाटलं, मी हायच तशी. आणि तू मला वांगी करून घातलीस."

तिनं अंथरूण गुंडाळलं. पुनमचं लग्न ठरलंय, ती गावी गेली, तिची खाट रिकामी आहे. हर्षाली तिथं झोपायला गेली. भिंत एकच आहे मधे. तिचा खोकला इकडं ऐकू येतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लाइनवर समोर उभी असते. वायरी बांधते. वर बघत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सरुबाईला फोटो द्यायला गेले. ती ओढ्याकाठी गवत कापत होती. फोटो हातात धरून लांब नेला, जवळ आणला. म्हणाली, "झाड झ्याक आलंय." मग थोड्या वेळानं, "मी बी बरी हाय." मग इकडंतिकडं बघून विचारलं, "ती न्हाई आली? तुज्या खोलीतली?"

मी सगळं सांगून टाकलं. का सांगितलं माहीत नाही, आईलासुद्धा सांगितलं नसतं. ती ऐकताना गवत कापतच होती. मग विळा थांबला.

"माजी जाऊ व्हती, पारू. तीस वर्सं एका चुलीवर आमी दोघी. दिवाळी आली की तिला म्हायेरी जायाचं आसायचं, आळंदीच्या पल्याड. आन् मी तिची चांगली चोळी लपवायची. कणगीत. म्हंजी धड कापडाबिगर कशी जाईल? दरसाली."

"मग?"

"मग काय, दरसाली ती जायाचीच. दुसरी चोळी घालून. मला वाटायचं, हिच्याकडं आली कुठनं? ती मेल्यावर तिची पेटी उघडली तर दरसालची येक येक चोळी, तवा समदं कळलं. मी लपवती हे ठावं व्हतं तिला. श्रावणात गुपचूप दुसरी शिवून ठिवायची." सरुबाईनं फोटोवरची धूळ पदरानं पुसली, धूळ नव्हतीच. "येका शब्दानं बोलली न्हाई मला. आन् मी बी कदी म्हनलं न्हाई की बाई, जा, पर लवकर ये. तेवढं म्हनायचं ऱ्हायलं बघ."

मी तिथं बराच वेळ बसले. गवत आता पांढुरकं झालंय, वाऱ्यानं एका अंगाला झुकतं आणि तसंच राहतं. ऊन कोवळं. ओढ्याचं पाणी इतकं हळू वाहत होतं की त्यात पडलेलं पान कुठं निघालंय ते समजत नव्हतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ज्योतीरामभाऊंकडून निगडीचे छत्तीस फोटो छापून आणले. पाकिटात घातले, कॅमेऱ्यातलं कार्डही घातलं. एक चिठ्ठी लिहिली, फाडली. दुसरी लिहिली : "हे सगळे तुझे. कुठला पाठवायचा, कोणाला पाठवायचा, पाठवायचा की नाही, तू ठरव. मी चुकले." पाकीट पुनमच्या खाटेवर ठेवून पहिल्या पाळीला गेले.

परत आले तर फळीवरचा आरसा नव्हता. भिंतीपलीकडं नेला असणार.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सकाळी दारात हर्षाली उभी, हातात पूजेचं ताट. "आपला कलश हितंच हाय ना. माझ्या खाटेवर कुठं मांडू?" मी पाट मांडला. आंब्याचा डहाळा तिनंच आणला होता. पोथी तिनं वाचली, मी ऐकली. तीन वर्षं असंच करतो.

आरती झाल्यावर म्हणाली, "मी पाठवला."

"मावशीला?"

"मावशीला कशाला? त्यालाच. नंबर मिळवला. खाली लिहिलं, आधीचा फोटो बघून नकार दिलात, ती मीच होते, ही पण मीच हाय. दोन्ही बघून काय ते सांगा."

"मग?"

"फोन आला. फोटो कोणी काढला, विचारत होता. म्हटलं, मैत्रिणीनं. मग विचारलं, आधीचा? म्हटलं, तो पण तिनंच." ती कलशावरचा नारळ उगाचच सरळ करत होती. "मंग म्हणाला, पुढच्या आठवड्यात खात्याच्या कामानं पुण्याला येतोय. तुम्हाला भेटतो. आणि तिला पण."

"मी नाही येणार."

"येशील. मी अजून रागावलेली हाय, त्यामुळं नाय म्हणायची सोय नाय तुला."

अंथरूण मात्र तिकडंच आहे.

४ डिसेंबर, गुरुवार

निगडीलाच भेटलो, त्याच रस्त्यावर. बुचाचा बहर संपत आलाय, एखाददुसरं फूल पडतं. शेजारच्या बंगल्यातल्या बदामाची पानं लालभडक झालीत, रस्त्यावर तीच पसरलेली. सकाळचे अकरा, पण ऊन दुधासारखं.

समाधान उंच नाही. चष्मा आहे. हर्षालीला नमस्कार केला, मग मलाही केला, आणि मग काय करायचं ते न सुचून झाडाकडं बघत उभा राहिला. हर्षालीला उपवास, म्हणून तो केळी घेऊन आला होता. कोणी सांगितलं त्याला? त्यालाच विचारलं. म्हणाला, "मार्गशीर्ष आहे, म्हणजे असेलच, असं वाटलं."

हर्षाली पाण्याची बाटली आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली तेव्हा तो माझ्याकडं वळला. मला वाटलं, आता विचारणार. तो पहिला फोटो का. मी तयारी केली होती.

तो म्हणाला, "हा दुसरा फोटो मी दोन दिवस आईला दाखवलाच नाही."

"का ओ?"

"भीती वाटली. हिला एवढं नीट कोणीतरी बघितलेलं आहे. मला तसं बघता येईल का, कळेना."

मला हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदम, फार वाईट दिसले असणार. मग मी त्याला सांगत सुटले. ती खोटं बोलायला लागली की उजव्या कानाला हात लावते. फोटो काढताना एक-दोन-तीन म्हणायचं नाही, तीनला डोळे मिटते. दमली की जास्त बोलते, आणि बोलायची थांबली तर समजायचं की खूश आहे. हसवायला जायचं नाही, तीच हसवते. आणि तिला नकार आला की ती काही म्हणत नाही, आरसा पालथा करते, तेवढं बघत जायचं.

तो मान खाली घालून ऐकत होता. "उजवा कान," मधेच पुटपुटला. कोणी नवा पत्ता सांगावा आणि पोस्टमननं तो मनात पक्का करावा, तसा.

हर्षाली आली. म्हणाली, "काय चाललंय गो?" आम्ही दोघंही म्हणालो, काही नाही.

मग तिनंच पिशवीतून कार्ड काढून मला दिलं, म्हणाली, आमचा दोघांचा काढ. बदामाच्या सावलीत उभे केले, ऊन मागं. मी डोळा लावला. दोन महिन्यांत, पुनमपासून आजपर्यंत, कोणाचाही फोटो काढताना मी हर्षालीचा आवाज मागून ऐकलाय, आणि तिचा काढला तर ती माझ्याकडंच बघते. मी थांबले. तिनं माझ्याकडं बघायची वाट बघत थांबले. ती बघेना. समाधान तिला काहीतरी विचारत होता, केळीबद्दलच असावं, आणि ती त्याच्याकडं बघत होती, तोंड मिटून, अगदी गप्प.

गप्प. म्हणजे काय ते मीच मघाशी त्याला सांगितलं होतं.

मी बटण दाबलं. पडद्यावर बघितलं नाही. चांगला आला असणार, माहीत होतं.

तो निघताना म्हणाला, "ठरलं तर लग्नाचे फोटो तुम्हीच काढायचे." मी हो म्हटलं. हे मी लगेच म्हटलं, ते इथं लिहून ठेवते.

परत येताना बसमध्ये खिडकीपाशी हर्षाली बसली. देहूरोडपर्यंत बोलत होती, त्याचा आवाज कसा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली तू बघितलीस का. मग म्हणाली, अंथरूण आज इकडं आणते, पुनमची खाट करकरते. मी म्हटलं, आण की. पुढं म्हटलं, "हर्षा, जा तू. पण मधनंमधनं येत जा."

"अजून कुठं काय ठरलंय," ती म्हणाली. आणि हात उजव्या कानाकडं गेला.

मग माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. तळवड्याच्या पुढं गाडी थांबली ती थांबलीच. कुठंतरी कंटेनर आडवा झाला होता. लोक उठून पुढं डोकावत होते, कोणी उतरून चालायला लागले, एक काका कंडक्टरशी भांडत होते. माझ्या हाताला मुंग्या आल्या, मग हात आहे की नाही तेच कळेना. हलवला नाही. खिडकीबाहेर शेवरीच्या एका उघड्या झाडावर पोपटांचा थवा येऊन बसला आणि क्षणभर झाडाला पानं फुटली.

कंडक्टर मागं आला. म्हणाला, "अर्धा तास तरी हलत नाही गाडी, ताई."

मी म्हटलं, "राहू द्या की."